भागीबाईच्या घरची इर्जिक

लग्न झाल्यापासून भागीबाईनं आपलं घर हिवाळ्यात पाहिलं नव्हतं.

घर घोटीच्या पुढे, वैतरणेच्या रस्त्यापासून आत, टेकडीच्या पायथ्याच्या पाड्यावर. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांना मातीचा लेप, वर कौलं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, मंगळूनं, ते स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. दर उन्हाळ्यात दोघं त्याची डागडुजी करायची, दर दसऱ्याला ती ते नव्यानं सारवायची. मग भात कापून, झोडून झालं आणि दिवाळी सरली, की दाराला कडी घालून निफाडच्या द्राक्षबागांकडे निघायचं. मुकादमाचा टेम्पो पाड्यावर यायचा, त्यात गोधड्या, पातेली, कोंबड्या आणि माणसं भरायची. परत येईपर्यंत होळी होऊन गेलेली असायची आणि सारवलेल्या जमिनीवर उंदरांनी बिळं केलेली असायची.

ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला ती पहिल्यांदा टेम्पोत बसली तेव्हा नवी नवरी होती. तिची दोन्ही मुलं चालायला शिकली ती द्राक्षबागेतच, प्लास्टिकच्या झोपडीसमोर. पुढे मुलीचं लग्न झालं, मुलगा ट्रॅक्टर चालवायला म्हणून तिकडेच राहिला, तरी हिची फेरी सुटली नाही. टोळीत तिचं नाव होतं ते नागलीच्या भाकरीमुळे. नागली म्हणजे नाचणी. तिच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते उकळत्या पाण्यात भिजवून, भरपूर मळून मगच थापावं लागतं, नाहीतर भाकरी हातातच फाटते. भागीबाईची फाटत नसे. दिवसभर घडातले दाट मणी कात्रीनं विरळून बोटं आखडलेल्या बायका संध्याकाळी आपापलं पीठ घेऊन तिच्या चुलीशी यायच्या.

"तू थाप गं, माझ्या हातात आज जीव नाय," असं म्हणत कोणीतरी परात पुढे सरकवायचं, आणि ती थापायची, बाकीच्यांना लाकूड-पाण्याला पिटाळून.

हर्षल माझा पॉलिटेक्निकपासूनचा मित्र. त्याच्या वडिलांनी या पाड्याला लागून जमीन घेतली होती. नोकरी सोडून हर्षलनं तिथे पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आणि मुंबईच्या एका पर्यटन कंपनीशी बोलणी सुरू केली. मी सातपूरला कारखान्यात होतो. सुट्टीच्या दिवशी पंप, वायरिंग, सोलरचा बंब बघायला त्याच्याकडे जायचो, म्हणून पुढचं सगळं मला जवळून बघायला मिळालं.

२००६ चा पाऊस उघडल्यावर भागीबाई मंगळूला घेऊन त्याच्याकडे अंगण सारवायला आली होती. दुपारी तिनं सोडलेल्या फडक्यातली भाकरी हर्षलनं खाल्ली आणि त्याच्या डोक्यात कल्पना आली.

"भागीबाई, मुंबईहून लोक येतील. तुमच्या घरी बसून तुमच्याकडून नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं शिकतील. क्लास म्हणतात त्याला."

"शिकवायचं? येवढाल्या बायांना भाकर येत नाय?"

"नागलीची कुणाला येत नाही."

"मंग खात्यात काय?"

"चपाती. सकाळी ब्रेड."

"आगं बया," ती मंगळूकडे वळून म्हणाली, "येवढे पैशेवाले, आन सकाळी ब्रेड खात्यात."

पण मग हर्षलनं जे सांगितलं त्यानं तिचं हसू थांबलं. कंपनीला क्लास आवडला, तर होळीपर्यंत दर शनिवार-रविवारी पाहुणे येणार होते. क्लास भागीबाईचा, आणि मंगळूला बागेचं, कुंपणाचं काम. म्हणजे निफाडला जायची गरजच नव्हती.

"हिवाळाभर हितंच?" तिनं विचारलं.

"इथंच."

"माझ्या घरात?"

"तुमच्याच घरात."

त्या दिवशी अंगण सारवताना तिनं एकदाही पाणी मागितलं नाही की तंबाखूला थांबली नाही.

अडचण होती दत्तू मुकादमाची. तो टोळीत जोड्या घेई, नवरा आणि बायको. त्यानं मंगळूला बजावून सांगितलं होतं, "रविवारी सांजच्याला मला पक्कं सांग. येनार आसाल तर मंगळवारी टेम्पोत जागा हाय. नसाल तर दुसरी जोडी तयार हाय माझ्याकडं. मंग डिसेंबरात माझ्या नावानं बोंबलत यायचं नाय." आणि कंपनीचा पहिला क्लास होता त्याच रविवारी, भाऊबीजेनंतरच्या.

हर्षलनं तयारीत काही कसर ठेवली नाही. जास्तीचे तवे, बसायला पाट, हात धुवायला बादल्या, सावलीला ताडपत्री. आम्ही दोघं यंत्रांच्या शाळेत शिकलेले, काम म्हटलं की आधी त्याच्या पायऱ्या पाडायच्या. त्यानं भागीबाईला त्या तीनदा सांगितल्या: पाहुणे येतील, उडीद भरडतील, पीठ मळतील, भाकऱ्या थापतील, मग जेवतील. तिनं तिन्ही वेळा मान डोलावली.

रविवारी मी घोटीहून जीपमधून पाहुणे घेऊन आलो. पाच जण होते. वत्सलाबाई म्हणून साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या. त्यांचा नवरा रेल्वेत, सगळा संसार मनमाडच्या क्वार्टर्समध्ये झालेला, आता ठाण्याला मुलाकडे राहायच्या. सोबत तो मुलगा आणि सून. शिवाय बंगलोरचं एक तरुण जोडपं, त्यातला नवरा इतका उंच की कुडाच्या दारातून त्याला जवळपास बसूनच आत जावं लागलं. आणि या सगळ्यांबरोबर कंपनीचा माणूस, राजू. टोपीवाला, बोलघेवडा, पण पुढचे सगळे रविवार त्याच्याच हातात होते.

भागीबाई दारात उभी होती. नवं लुगडं, केसांना तेल, हातात पाण्याचा तांब्या. सगळ्यांच्या हातापायांवर तिनं स्वतः पाणी घातलं. अंगणात पाट मांडलेले होते, प्रत्येक पाटापुढे पळसाच्या पानांची पत्रावळ. फडक्यात नागलीच्या भाकऱ्यांची चवड, मडक्यात भाजून भरडलेल्या उडदाचं दाटसर भुजं, वाडग्यात मिरचीचा ठेचा. चूल विझवून, राख काढून, पोतेरं फिरवून झालेलं.

"बसा," ती म्हणाली. "लांबून आलाय, भुका लागल्या आसतील."

हर्षलचा चेहरा बघण्यासारखा झाला.

वत्सलाबाईंनी चुलीत वाकून पाहिलं. "अहो, ही तर विझलीय. आम्ही शिकायचं काय, पाटावर बसायला?"

"बॉस," राजू हर्षलला बाजूला घेऊन म्हणाला, "पत्रकात आपण छापलंय, स्वतःच्या हातानं बनवा. जेवण काय, हायवेवर पण मिळतं."

हर्षल घाईघाईनं भागीबाईजवळ गेला. मीही मागोमाग गेलो. "भागीबाई, हे सगळं त्यांच्याकडून करून घ्यायचं होतं ना! तीनदा सांगितलं होतं."

"तुमी सांगितलं. मला वाटलं, तुमी शेरातली मानसं, बोलायची रीत आसंल." तिचा आवाज खाली आला. "दादा, दारात आलेल्या पाव्हन्याला चुलीम्होरं बसवायचं? वैऱ्याला सुदिक कोनी करत नाय. आमच्यात येखाद्याला परत यायचं नाय आसं सांगायचं आसलं ना, तर त्याला काम सांगत्यात."

ती पहाटेपासून एकटी राबली होती, पाहुण्यांना काहीच करावं लागू नये म्हणून. आणि नेमकं त्यामुळेच सगळं बिघडत होतं.

"आता काय करायचं ते करा, पण त्यांच्या हातात पीठ द्या," हर्षल म्हणाला. "नाहीतर राजू पुन्हा येत नाही."

तिनं चूल पेटवली. आधण ठेवलं, नागलीचं पीठ भिजवलं, मळलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक गोळा दिला. देताना असं तोंड केलं, जणू त्यांच्या हातात केरसुणी देत होती.

सुनेनं गोळा काठवटीत ठेवून थापायला सुरुवात केली. काठ फाटला. भागीबाईनं लगेच पुढे होऊन तो तिच्या हातातून काढून घेतला. "आसूंद्या ताई, मी करते." चार थापांत भाकरी गोल होऊन तव्यावर पडली. मग बंगलोरच्या मुलीचा गोळा फाटला, तोही तिनं घेतला. उंच नवऱ्यानं तर अजून सुरुवातही केली नव्हती, तोवर त्याचा गोळा तिच्या हातात होता. तो रिकामे तळहात बघत राहिला.

"अहो बाई," वत्सलाबाई म्हणाल्या, "मोडू द्या की माझी! मोडली तर मीच खाईन ना!"

"तुमी मोडकी खानार, माझ्या घरात?"

"मग काय झालं?"

भागीबाई चुलीतलं लाकूड सारायला लागली. तिच्या कपाळावर घाम आला होता. वत्सलाबाईंचा मुलगा मोबाइलला रेंज शोधत कुंपणापर्यंत गेला. राजूनं जांभई दिली आणि मला विचारलं, "इथून भंडारदरा किती लांब?" पुढचे रविवार कुठे नेता येतील याचा तो विचार करत होता हे उघड होतं.

भागीबाई उठली. "लाकडं आनते," म्हणाली आणि घरामागे गेली. लाकडं तिच्या पुढ्यातच पडलेली होती. मी तिच्यामागे गेलो. मंगळू तिथे उकिडवा बसून दोर वळत होता.

"काय झालं?"

"मला नाय व्हत. पाव्हना राबवायचा कसा? हातच आवरत नाय माझा."

मंगळूनं वळलेला दोर खाली ठेवला. "मंग सांगू दत्तूला? यतो म्हनून?"

शेजारच्या खळ्यावर सहादूच्या भाताची झोडणी चालली होती. अर्धा पाडा तिथे होता. पेंढ्या लाकडावर आपटल्याचा आवाज, मधेच कुणाचा तरी हशा, सहादूची बायको ओरडत होती, "हात चालवा रं, नुसत्या गप्पा! भाकर नाय मिळायची!" त्यावर आणखी हशा.

या कामाला इर्जिक म्हणतात. ज्याच्याकडे काम निघतं त्याच्याकडे सगळे जातात. पैसे नाहीत. राबायचं आणि त्याच्या घरी जेवायचं. उद्या दुसऱ्याच्या शेतात तोही जातो.

भागीबाई त्या आवाजाकडे बघत उभी होती. मग तिनं पदर खोचला.

"सहादूकडं भाकरी कोन करतंय?" तिनं मंगळूला विचारलं.

"त्याची बायको आन सून. कवाच्या बसल्यात थापत."

"ऊठ. आपलं फडकं आन मडकं घेऊन जा तिकडं. समदं दे. ठेचा बी."

"आन पाव्हनं?"

"तू जा म्हनते ना."

मंगळू अंगणातून भाकऱ्यांची चवड आणि भुज्याचं मडकं उचलून चालता झाला, तेव्हा पाहुणे बघतच राहिले. हर्षलनं माझ्याकडे पाहिलं. मलाही काही कळलं नव्हतं.

भागीबाई अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"तिकडं आवाज येतो ना, ती इर्जिक हाय. कामाला समदं गाव येतं. त्या दिशी तिथं कोनी पाव्हना नसतो. पाटील आला तरी पेंढी उचलतो. राबला तर जेवला." तिनं चुलीकडे बोट केलं. "आज माझ्या घरी बी इर्जिक हाय. जेवन व्हतं ते मी दिलं धाडून. आता घरात पीठ हाय, उडीद हाय, चूल हाय. करा आन खा. नाय केलं तर मी बी उपाशी, तुमी बी."

राजूनं बंगलोरच्या जोडप्याला हे इंग्रजीत सांगितलं. सांगतानाच त्याला हसू फुटलं. वत्सलाबाई तर आधीच पदर कमरेला खोचून उठल्या होत्या.

"हे बरं झालं! आता मला कुणी पाट दाखवू नका."

आणि भागीबाई बदलली. मघाची ती अवघडलेली यजमानीण गेली आणि द्राक्षबागेत संध्याकाळी टोळीला हाकणारी बाई समोर आली. पहिलं काम उंच नवऱ्याला मिळालं, लाकडं फोडायचं. वत्सलाबाईंच्या मुलाला तिनं कुंपणावरून हाक मारली, "ओ फोनवाले! तिकडं काय कावळे मोजताय? हिकडं या, जात्यावर बसा." तो आला आणि बसला. भाजलेले उडीद त्याच्या बायकोनं जात्यात घालायचे आणि त्यानं फिरवायचं. दोन फेऱ्यांत त्याचा खांदा भरून आला.

"दम लागला?" भागीबाईनं विचारलं. "आजून डाळ बी पडली नाय."

"मावशी, हे जड आहे हो."

"जड हाय म्हनून तर बाईमानसाला दिलंय आजवर."

सुनेला इतकं हसू आलं की उडीद जात्याबाहेर सांडले.

राजू सावलीत उभा राहून फोटो काढत होता. तिनं त्याच्यापुढे पाटा-वरवंटा आणि लसूण-मिरच्या ठेवल्या. "मी स्टाफ आहे," तो म्हणाला. "इर्जिकीत ष्टाफ नसतो," ती म्हणाली. टोपी काढून तो बसला आणि थोड्याच वेळात त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

भाकऱ्यांची पाळी आली तेव्हा वत्सलाबाई पुढे सरसावल्या. "मी बाजरीच्या भाकऱ्यांत आयुष्य काढलंय, मनमाडला. शंटिंगवाले रात्री-अपरात्री यायचे जेवायला."

"बाजरी सोशीक आसती. ही नागली हाय, लाडाची. जोरानं थापा! भाकर थापताय का लेकराला निजवताय?"

"अगं बाई, तोंड सांभाळून. वयानं मोठी आहे मी."

"इर्जिकीत वय नसतं."

"तुझ्या इर्जिकीत काहीच नसतं वाटतं!"

वत्सलाबाईंची पहिली भाकरी फाटली. भागीबाईचा उजवा हात आपोआप पुढे गेला. मी पाहिलं, तिनं तो डाव्या हातानं धरून मांडीवर दाबून ठेवला. "मोडा आन पुना मळा," ती म्हणाली. "कढत पान्याचा हात लावा. आन घाई नाय, मळनं व्हईस्तोवर थापायचं नाय." दुसरी भाकरी नकाशासारखी झाली, पण तव्यापर्यंत एकसंध पोहोचली. वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग तवा उतरवून निखाऱ्यासमोर धरली, आणि ती फुगली. अर्धीच फुगली, एका बाजूनं, पण वत्सलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. बंगलोरच्या मुलीनं तर आपल्या भाकरीबरोबर फोटो काढून घेतला. तिच्या नवऱ्याची भाकरी मात्र भलतीच जाड झाली. "ही दोन दिवस पुरंल," भागीबाई म्हणाली. राजूनं त्याला ते सांगितल्यावर त्यानं मोठ्या अभिमानानं मान हलवली.

जेवायला उन्हं कलली. भुजं थोडं खाली लागलं होतं, ठेच्यात मीठ कमी होतं, एकाही भाकरीचा आकार दुसरीशी जुळत नव्हता. पत्रावळीवर कुणी काही ठेवलं नाही. भागीबाई त्यांच्या पंगतीत, त्यांनीच थापलेली भाकरी घेऊन बसली होती. सहादूकडून परतलेला मंगळू सांगत होता, दुसऱ्याच्या हातची भाकरी तिनं शेवटची कधी खाल्ली हे त्याला आठवत नव्हतं.

"कशी झालीय?" वत्सलाबाईंनी विचारलं.

भागीबाईनं सावकाश चावलं. "कच्ची हाय मधी."

"खोटं तरी बोलावं माणसानं!"

"बोलले आसते," ती म्हणाली, "पाव्हन्या आसत्या तर."

निघताना राजू जीपच्या दारात थांबला. हर्षल आणि मी जीपजवळच उभे होतो. भागीबाई चुलीपाशी भांडी गोळा करत होती, पण तिचा हात एकाच परातीवरून फिरत होता.

"पुढच्या शनिवारी आठ जण बसतील ना इथं?" राजू म्हणाला. "आणि एक, ते आधीचं जेवण उचलून नेतात ना, ते तसंच ठेवा. काय एंट्री आहे!"

"तसंच?" हर्षल गोंधळला.

"खबरदार," भागीबाई चुलीपासून म्हणाली. "येवढ्या भाकऱ्या दर शनवारी वाटायला मी काय पाटलीन हाय! पुढच्या टायमाला चूल थंडच ठेवीन."

जीप सुटली. धूळ खाली बसली. मग तिनं हर्षलला विचारलं, अगदी हळू, "म्हंजी जायचं नाय ना आता?"

"नाही जायचं."

ती उंबऱ्यावर बसली. पाय लांब सोडले, नव्या लुगड्याला राख लागलेली होती ती झटकली नाही. सकाळपासून तिनं पाठ टेकली नव्हती. आता दाराच्या चौकटीला टेकली.

सांजेला दत्तू मुकादम मोटारसायकलवरून आला. बातमी त्याच्याआधी पाड्यावर पसरली होती.

"काय मंगळूशेठ, काय ठरलं?"

मंगळूनं बायकोकडे पाहिलं.

"औंदा नाय येत आमी," भागीबाई म्हणाली.

"तुझ्यावाचून टोळी उपाशी मरंल की! आन ह्ये काय ऐकतो मी, तू पाव्हन्यांकडून भाकऱ्या थापून घेती म्हनं? मी बी येऊ का शिकायला?"

"ये की. पर पयलं लाकडं फोडावी लागत्यात."

दत्तू हसला, गाडीला किक मारली आणि दुसऱ्या जोडीच्या घराकडे वळला. मंगळवारी टेम्पो आला, पाड्यावरच्या बाकीच्या जोड्यांना घेऊन गेला. भागीबाई रस्त्यापर्यंत पोचवायला गेली. ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली त्या बायका टेम्पोतून हात हलवत होत्या, आणि तीही. परत येताना तिचे डोळे ओले होते, पण पाय भराभर उचलत होते.

डिसेंबरात एका सकाळी पंपाची मोटर बघायला गेलो तर भागीबाई दारात बसली होती, डोक्यावरून गोधडी घेऊन, फक्त नाक बाहेर. समोरच्या टेकडीकडे बघत होती.

"काय झालं मावशी, बरं नाही का?"

"मला काय व्हतंय! ऊन बघतेय." तिनं गोधडीतून एक बोट काढून टेकडीचा माथा दाखवला. त्यामागे उजेड झाला होता, पण अंगण अजून निळ्या सावलीत होतं. "सहादूच्या दारात कवाच आलं. त्याच्या म्हशी निवांत रवंथ करत्यात उन्हात. माझ्याच दारात ही टेकडी आडवी येती. इतकी वर्सं घर हाय, मला म्हाईतच नव्हतं."

"दार चुकीच्या बाजूला पडलं," आतून मंगळू म्हणाला. "उन्हाळ्यात मोडून तिकडं करू."

"हात तर लावून बघ," ती म्हणाली. मग मला जागा करून देत ती उंबऱ्यावर थोडी सरकली. "बसा दादा. येईलच आता."